छातीला रेडिएशन घेतल्यानंतर हृदयाची काळजी: कॅन्सरच्या फाइलमधून निसटणारी गोष्ट

स्तनाच्या कॅन्सरसाठी तुम्ही किंवा तुमच्या घरातील कोणी छातीला रेडिएशन घेतले असेल, तर एक प्रश्न स्वतःला विचारून पाहा. त्या उपचारात हृदयाला किती मात्रा मिळाली, हे तुम्हाला माहीत आहे का? माहीत नसेल, तर ते ज्यावर लिहिले आहे तो कागद आज घरात कुठे आहे?

बहुतेक घरांत दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर मिळत नाही. बायोप्सीचा रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला असतो. ऑपरेशनचा कागद असतो, केमोच्या तारखा तोंडपाठ असतात. पण ‘शेक घेतला’, ‘लाइट घेतली’ असे आपण ज्याला म्हणतो, त्या रेडिएशनचा कागद मात्र सापडत नाही. उपचार संपल्याच्या आनंदात तो कोणी मागितलेलाच नसतो.

हा विषय आज का काढला, ते आधी सांगतो. आपल्या देशात २०२२ मध्ये स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले, असा जागतिक कॅन्सर नोंदणीचा अंदाज आहे. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर आता हाच आहे. दुसरीकडे उपचार सुधारले आहेत, आणि कॅन्सरमधून बरे होऊन दहा, पंधरा, वीस वर्षे जगणाऱ्या स्त्रिया आमच्या ओपीडीत नियमित दिसू लागल्या आहेत. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात, पुढील तीन वर्षांत देशातील सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर सेंटर सुरू करण्याची घोषणा केली. त्यातील २०० केंद्रे त्याच वर्षात व्हायची होती. केमोच्या प्रत्येक सलाइनसाठी मुंबईला जाणाऱ्या कुटुंबांसाठी ही चांगली बातमी आहे.

मात्र केमो जिल्ह्यात आले तरी रेडिएशन इतक्या सहज जिल्ह्यात येणार नाही. त्यासाठी महागडे यंत्र लागते, जाड काँक्रीटच्या भिंतींची खोली लागते, अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो आणि प्रशिक्षित भौतिकशास्त्रज्ञ लागतो. म्हणजे पुढची बरीच वर्षे शेक मुंबई, पुणे, नागपूर, बार्शी, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी होणार, आणि त्यानंतरचे आयुष्य मात्र रुग्ण आपल्या गावात काढणार. हृदयाचा प्रश्न नेमका या अंतरात हरवतो.

एका काकूंची जळजळ

मी फिजिशियन आहे, कॅन्सरतज्ज्ञ नाही. काही काळापूर्वी ५८ वर्षांच्या एक काकू माझ्याकडे आल्या. तीन महिने छातीत जळजळ, चढ चढताना धाप. गावातल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी थोडे बरे वाटायचे, पुन्हा सुरू व्हायचे. शुगर होती, बीपी होते, मिश्री लावायची सवय होती. मीही पहिल्या भेटीत गोळ्या बदलून दिल्या आणि आठ दिवसांनी या म्हटले. बारा वर्षांपूर्वी डाव्या स्तनाचे ऑपरेशन आणि शेक झाल्याचे दुसऱ्या भेटीत सुनेने बोलता बोलता सांगितले. मी विचारले नव्हते, आणि काकूंना त्याचा याच्याशी काही संबंध असेल असे वाटले नव्हते. अँजिओग्राफीत हृदयाच्या पुढच्या मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला. स्टेंट बसवला, आज त्या ठीक आहेत.

हा अडथळा शेकामुळेच झाला, असे मी म्हणणार नाही. शुगर, बीपी आणि तंबाखू ही तीन कारणे एकटीदेखील पुरेशी होती. पण छातीला रेडिएशन झाल्याचे मला पहिल्या दिवशी कळले असते, तर ईसीजी आणि पुढची तपासणी त्याच दिवशी केली असती. ते आठ दिवस मला अजून आठवतात.

शेकाचा हृदयाशी संबंध कसा येतो?

हृदय छातीत मध्यभागी, पण डावीकडे झुकलेले असते. त्याच्या पुढच्या बाजूने एक मोठी रक्तवाहिनी खाली उतरते. डॉक्टर तिला एलएडी म्हणतात. ही वाहिनी छातीच्या पुढच्या भिंतीपासून फार लांब नसते. डाव्या स्तनाला किंवा स्तन काढल्यानंतर छातीच्या भिंतीला किरण देताना हृदयाचा पुढचा भाग आणि ही वाहिनी किरणांच्या वाटेत थोडीफार येऊ शकते. उजव्या बाजूला शेक असेल तर हा प्रश्न बराच कमी असतो.

किरणांनी रक्तवाहिनीच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा होते. तिथे मंद दाह सुरू राहतो आणि चरबीचा थर लवकर साचू लागतो. म्हणजे वयानुसार जे हळूहळू घडतेच, ते तिथे जरा लवकर घडते. मात्रा जास्त असेल तर हृदयाभोवतीचे आवरण, झडपा आणि हृदयाच्या ठोक्यांची विद्युतयंत्रणा यांवरही परिणाम होऊ शकतो. झडपांचे त्रास तर कधी कधी दोन-तीन दशकांनी समोर येतात. तरुणपणी हॉजकिन्स लिम्फोमासाठी जुन्या पद्धतीने संपूर्ण छातीला शेक घेतलेल्यांमध्ये ते जास्त दिसतात, कारण त्या काळी हृदयाचा मोठा भाग किरणांखाली यायचा. तुमच्या घरात असा कोणी असेल, तर हा लेख त्यांना नक्की वाचायला द्या. त्यांचा धोका स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांपेक्षा साधारणपणे जास्त असतो.

धोका किती? आकडे नीट समजून घेऊ

रेडिएशनची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. स्तनाला साधारण ४० ग्रे दिले जातात, पण हृदयाला मिळते ती सरासरी मात्रा त्याच्या एका छोट्या अंशाइतकी असते. तिला डॉक्टर ‘मीन हार्ट डोस’ म्हणतात. हे शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

या विषयावरचा सर्वाधिक उल्लेखला जाणारा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये १९५८ ते २००१ या काळात स्तनाच्या कॅन्सरसाठी शेक घेतलेल्या २,१६८ स्त्रियांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. हृदयाला मिळालेल्या प्रत्येक १ ग्रे सरासरी मात्रेमागे हार्ट अटॅकसारख्या गंभीर घटनांचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो, असे त्यात दिसले. ही वाढ पहिल्या पाच वर्षांतच सुरू झाली आणि वीस वर्षांनंतरही चालू राहिली. ‘इतक्या मात्रेखाली काहीच होत नाही’ अशी सुरक्षित रेषा सापडली नाही.

‘७.४ टक्के’ वाचून अनेक जण घाबरतात. ही वाढ मुळात असलेल्या धोक्यावर होते, हे लक्षात घ्या. त्याच अभ्यासातले गणित हजार स्त्रियांच्या भाषेत मांडतो. पन्नास वर्षांच्या, शुगर, धूम्रपान, जास्त वजन असे काहीही नसलेल्या हजार स्त्रिया घ्या. शेक न घेता त्यांतल्या १९ जणी वयाच्या ८० वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने दगावतील असा अंदाज आहे. हृदयाला ३ ग्रे मात्रा मिळाली तर हा आकडा २४ होतो. म्हणजे हजारात पाच जणी जास्त. १० ग्रे मिळाली तर ३४.

आता अशा हजार स्त्रिया घ्या, ज्यांना हृदयाचा धोका वाढवणारी एखादी तरी गोष्ट आधीपासून आहे. त्यांच्यात शेक न घेताच आकडा ३४ आहे. ३ ग्रेनंतर तो ४१ होतो, १० ग्रेनंतर ५८.

हे दोन परिच्छेद पुन्हा एकदा वाचा. शेक न घेतलेली पण आधीच जोखीम असलेली स्त्री आणि हृदयाला १० ग्रे मिळालेली पण बाकी निरोगी स्त्री, दोघींचा धोका जवळजवळ सारखा आहे. आणि १० ग्रे ही आजच्या नियोजनात डॉक्टर टाळण्याचा प्रयत्न करतात अशी मोठी मात्रा आहे. मिळालेले किरण कोणी परत काढून घेऊ शकत नाही. शुगर, वजन आणि तंबाखू मात्र आजही तुमच्या हातात आहेत, आणि त्यांचे वजन किरणांपेक्षा कमी नाही. माझ्या मते या संपूर्ण विषयातली रुग्णांसाठी सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि नेमकी तीच त्यांना सांगितली जात नाही.

म्हणून शेक नाकारायचा का?

नाही. हे स्पष्ट सांगतो, कारण असे लेख वाचून उपचार मध्येच सोडणारे रुग्ण आम्ही पाहिले आहेत.

स्तन वाचवून फक्त गाठ काढलेल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या एकत्रित माहितीचे विश्लेषण २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. शेक न घेतलेल्यांमध्ये दहा वर्षांत कॅन्सर परत येण्याचे प्रमाण ३५ टक्के होते, शेक घेतलेल्यांमध्ये ते १९.३ टक्क्यांवर आले. पंधरा वर्षांत कॅन्सरने होणारे मृत्यू २५.२ वरून २१.४ टक्क्यांवर आले. आता वरचे हजारात पाच आठवा. इथला फायदा हजारात अडतीस जणींचा आहे.

एक अपवाद डॉक्टर मंडळीही दबक्या आवाजात बोलतात, तो मोकळेपणाने मांडतो. २०१७ च्या एका मोठ्या विश्लेषणात, आधुनिक शेकामुळे हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूचा वाढीव धोका धूम्रपान न करणाऱ्यांमध्ये सुमारे ०.३ टक्के, तर दीर्घकाळ धूम्रपान चालूच ठेवणाऱ्यांमध्ये सुमारे १ टक्का निघाला. फुप्फुसाच्या कॅन्सरचा वाढीव धोका तर ०.३ टक्क्याच्या जागी ४ टक्के. धूम्रपान चालू ठेवले तर शेकाचा फायदाच खाल्ला जाऊ शकतो, असा त्याचा अर्थ. हे आकडे सिगारेटचे आहेत. आपल्याकडे स्त्रियांमध्ये सिगारेट कमी, पण मिश्री घराघरांत आहे. ‘मिश्री म्हणजे काय, दात घासायची पावडर’ असे मला अनेक आजी सांगतात. मिश्री म्हणजे भाजून कुटलेला तंबाखू. धूर नसला तरी निकोटिन तेच आहे, आणि ते बीपी आणि नाडीचा वेग वाढवते. डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का?’ विचारले की उत्तर ‘नाही’ येते, कारण मिश्री खात नाहीत, लावतात. घरातल्यांनी अशा वेळी गप्प बसू नये.

यंत्रे सुधारली, मग चिंता कशाची?

तंत्र खरोखर सुधारले आहे. पूर्वी पाच आठवडे चालणारा शेक आता बहुतेक ठिकाणी तीन आठवड्यांत, १५ बैठकांत संपतो. ब्रिटनमधल्या एका चाचणीने २०२० मध्ये दाखवले की निवडक रुग्णांत एका आठवड्यात, ५ बैठकांत २६ ग्रे देऊनही पाच वर्षांपर्यंतचे निकाल तितकेच चांगले राहतात. गावाहून येऊन धर्मशाळेत राहणाऱ्या कुटुंबासाठी तीन आठवडे आणि एक आठवडा यात किती फरक आहे, हे वेगळे सांगायला नको. मात्र हृदयाचे परिणाम दहा-वीस वर्षांनी मोजायचे असतात. म्हणून बैठका कमी झाल्या तरी हृदयाला किरणांपासून दूर ठेवण्याची खबरदारी तितकीच घ्यावी लागते.

त्या खबरदारीचे सर्वात साधे साधन म्हणजे तुमचा स्वतःचा श्वास. खोल श्वास घेऊन रोखला की फुप्फुसे फुगतात आणि हृदय छातीच्या भिंतीपासून मागे आणि खाली सरकते. तेवढ्या वीस-तीस सेकंदांत किरण दिले, मग श्वास सोडला, पुन्हा तसेच. डाव्या बाजूच्या शेकात या पद्धतीने हृदयाची मात्रा बऱ्याच रुग्णांत एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत कमी होते. चांगल्या नियोजनात मीन हार्ट डोस अनेकदा १ ते ३ ग्रेच्या आसपास ठेवता येतो. छातीच्या हाडामागच्या गाठींनाही किरण द्यायचे असतील तर तो वाढतो, आणि कधी कधी ते आवश्यकच असते.

प्रोटॉन उपचाराबद्दल सध्या बरीच विचारणा होते. चेन्नईत २०१९ पासून एक खासगी केंद्र आहे, आणि नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेकमध्येही प्रोटॉन केंद्र सुरू झाले आहे. प्रोटॉन किरण ठरावीक खोलीवर थांबतात, त्यामुळे मागच्या हृदयाला कमी मात्रा मिळते, हे खरे. पण त्यामुळे स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांत हृदयविकार प्रत्यक्षात किती कमी होतो, हे पाहण्यासाठी अमेरिकेत हजाराहून अधिक रुग्णांची रॅडकॉम्प नावाची चाचणी केली जात आहे, आणि अशा प्रश्नाचे उत्तर यायला वर्षे लागतात. श्वास रोखून नीट दिलेला साधा शेक उपलब्ध असताना, फक्त हृदयाच्या भीतीने जमीन गहाण टाकून प्रोटॉनच्या मागे जाऊ नका. ज्यांच्या छातीच्या रचनेमुळे किंवा आधीच्या शेकामुळे साध्या यंत्रात हृदय वाचवणे कठीण आहे, अशांनी तो पर्याय आपल्या रेडिएशन तज्ज्ञांना जरूर विचारावा.

मग गोष्ट निसटते कुठे?

यंत्रखोलीतून बाहेर पडल्यानंतर. कॅन्सरतज्ज्ञ दरवर्षी मॅमोग्राफी पाहतात, गाठ परत आली का ते बघतात. त्यांच्या ओपीडीत शंभर माणसे बसलेली असतात. हृदय फिजिशियन बघतील, असे ते गृहीत धरतात. गावचा फिजिशियन कॅन्सरचे ‘मोठे डॉक्टर’ बघत आहेत असे गृहीत धरतो. रुग्ण दोघांवर विश्वास ठेवतो. वर्षे जातात.

आपला राष्ट्रीय असंसर्गजन्य आजार कार्यक्रम कॅन्सर, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात या सगळ्यांना एकाच छताखाली ठेवतो. तिशीनंतरच्या प्रत्येकाची बीपी, शुगर आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरची तपासणी त्यात अपेक्षित आहे. म्हणजे कागदावर हृदय आणि कॅन्सर शेजारी आहेत. पण ज्या बाईला कॅन्सर होऊन गेला, तिच्या हृदयाकडे जास्त लक्ष द्यायचे आहे, ही जोडणी अजून आपल्या सवयीत आलेली नाही.

म्हणून जिल्ह्यातल्या नव्या डे-केअर केंद्रांकडून माझी एक अपेक्षा आहे. तिथे बीपीचे यंत्र असेल, ईसीजी असेल, रक्त तपासता येईल, आणि रुग्ण ओळखीचा असेल. मोठ्या शहरातून शेक घेऊन परतलेल्या प्रत्येक रुग्णाची मात्रा तिथल्या रजिस्टरमध्ये एका ओळीत लिहिली आणि वर्षातून एकदा तिला हृदयाच्या तपासणीसाठी बोलावले, तर त्याला फार मोठा खर्च नाही. केंद्रांची संख्या मोजताना हे कोणी मोजणार आहे का, हे पाहावे लागेल. तोपर्यंत ही जोडणी तुम्हालाच करायची आहे.

तो कागद मिळवा

जिथे शेक घेतला त्या विभागात जाऊन, किंवा नातेवाइकाला पाठवून, रेडिएशनची समरी मागा. त्यात कोणत्या बाजूला, किती ग्रे, किती बैठकांत, कोणत्या तारखांना शेक दिला हे लिहिलेले असते. मीन हार्ट डोस त्यात नसेल तर तो लिहून देण्याची विनंती करा. अलीकडे संगणकावर नियोजन झाले असेल तर हा आकडा त्यांच्याकडे असतो. फार जुना, कोबाल्ट यंत्रावरचा शेक असेल तर आकडा मिळणार नाही, पण डावी की उजवी बाजू आणि वर्ष एवढे कळले तरी उपयोग होतो. मोबाइलमध्ये फोटो काढा, आभा खाते असेल तर त्याला जोडा, आणि केमोत कोणती औषधे होती तेही सोबत ठेवा. लाल रंगाचे केमो, म्हणजे ॲड्रियामायसिनसारखी औषधे, आणि ट्रॅस्टुझुमॅब ही इंजेक्शने हृदयाच्या स्नायूवर वेगळा परिणाम करू शकतात. शेकासोबत तीही झाली असतील तर डॉक्टरांनी दोन्ही एकत्र धरून विचार करायचा असतो.

युरोपियन हृदयरोग संघटनेने २०२२ मध्ये कॅन्सर रुग्णांच्या हृदयाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार सरासरी ५ ग्रेपेक्षा कमी मात्रा म्हणजे शेकामुळे येणारा धोका कमी, ५ ते १५ मध्यम, १५ च्या पुढे जास्त आणि २५ च्या पुढे फार जास्त. १५ च्या वर असणाऱ्यांना काही त्रास नसला तरी शेकानंतर पाच वर्षांनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी करण्याचा आणि ती दर पाच ते दहा वर्षांनी पुन्हा करण्याचा विचार करावा, असे त्या सांगतात. स्तनाच्या कॅन्सरच्या आजच्या बहुतेक रुग्णांचा आकडा यापेक्षा पुष्कळ खाली असतो. त्यांना दरवर्षी महागडे स्कॅन नकोत. वर्षातून एकदा बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, वजन आणि फिजिशियनशी दहा मिनिटांचे बोलणे एवढे हवे. ईसीजी काढून ठेवला तर पुढे तुलनेला उपयोगी पडतो. लेट्रोझोलसारख्या हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर कोलेस्टेरॉलकडे विशेष लक्ष द्या. केमोमुळे चाळिशीतच पाळी थांबली असेल, तर हृदयाला मिळणारे नैसर्गिक संरक्षणही लवकर गेले आहे, हे डॉक्टरांना आठवण करून द्या.

बीपी बहुतेकांमध्ये १३०/८० च्या खाली आणायचे असते. ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी बंद करणारे रुग्ण मला दर आठवड्याला भेटतात. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन लागेल का, हे तुमचा एकूण धोका पाहून फिजिशियन ठरवतील. तो ठरवताना शेकाचा कागद त्यांच्यासमोर असू द्या.

खाण्याबद्दल एक घरगुती निरीक्षण सांगतो. केमो-शेकात अशक्तपणा येतो आणि घरचे प्रेमाने तूप, डिंकाचे लाडू, शिरा सुरू करतात. उपचार संपतात, लाडू मात्र चालूच राहतात. वर्षभरात आठ-दहा किलो वजन वाढलेले असते. ताकद यायला डाळी, उसळी, दही, अंडी, मासे यांतले प्रथिन आणि रोजचे चालणे लागते. आठवड्यातून पाच दिवस तीस मिनिटे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. हाताला सूज असेल तरी चालण्याला हरकत नाही.

या खुणांना गॅस म्हणू नका

छातीत दाब किंवा जळजळ, चढताना नवीन सुरू झालेली धाप, जबडा, पाठ किंवा खांद्यात पसरणारे दुखणे, कारण नसताना घाम, अचानक चक्कर, पायांवर सूज. स्त्रियांमध्ये छातीत कळ न येताही हार्ट अटॅक येऊ शकतो. शेक झालेल्या बाजूला त्वचा आणि स्नायू ओढल्यासारखे दुखणे वर्षानुवर्षे राहते, त्यामुळे हे ‘नेहमीचेच’ असे वाटण्याची शक्यता जास्त. श्रमाने वाढणारे आणि थांबल्यावर कमी होणारे दुखणे नेहमीचे धरू नका. दुखणे किंवा दाब काही मिनिटांत थांबला नाही तर लगेच १०८ ला फोन करा. ईसीजी काढणाऱ्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की छातीला, अमुक बाजूला, अमुक वर्षी रेडिएशन झाले आहे.

बायपासची वेळ आली तर हे सांगणे आणखी महत्त्वाचे ठरते. बायपाससाठी छातीच्या आतल्या भिंतीवरची एक धमनी वापरतात, आणि ती किरणांच्या क्षेत्रात आलेली असू शकते. जखम भरायलाही वेळ लागू शकतो. सर्जनला आधी माहीत असेल तर तो त्या धमनीची तपासणी करून वेगळे नियोजन करतो. पेसमेकर बसवतानाही शक्यतो शेक न झालेली बाजू निवडतात.

काही रुग्ण या भीतीने एक्स-रे किंवा मॅमोग्राफीही टाळू लागतात. त्याची गरज नाही. ग्रेचा हजारावा भाग म्हणजे मिलिग्रे, आणि तपासण्यांचे किरण त्या मापात असतात. छातीच्या एका एक्स-रेची मात्रा तर मिलीच्या दहाव्या भागाइतकी, म्हणजे सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट असते. तुमच्या डॉक्टरांनी कारणासाठी सांगितलेली तपासणी करून घ्या.

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी मानेला शेक घेतलेले पुरुष आपल्याकडे खूप आहेत. त्यांच्या बाबतीत हृदयाऐवजी मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसण्याचा आणि पक्षाघाताचा धोका असतो. तो स्वतंत्र विषय आहे, पण बीपी आणि तंबाखूबद्दल वर लिहिलेले त्यांनाही तसेच लागू आहे.

शेवटी, ज्यांचा शेक अजून सुरू व्हायचा आहे त्यांच्यासाठी. नियोजनाच्या सीटी स्कॅनच्या आधी डॉक्टरांना विचारा: ‘माझा शेक डाव्या बाजूला आहे, तर श्वास रोखून देता येईल का? माझ्या हृदयाला किती मात्रा मिळेल?’ हे विचारण्यात काहीही उद्धटपणा नाही, चांगल्या केंद्रात या प्रश्नाचे स्वागतच होते. आणि तारीख मिळाल्यापासून रोज सकाळी पलंगावर पाठीवर झोपून, हात डोक्यावर घेऊन, छाती भरून श्वास घ्या आणि वीस सेकंद रोखा. घरातल्या कोणाला तरी मोजायला बसवा. दहा सेकंदांपासून सुरू केले तरी चालेल. खांद्याचे ऑपरेशननंतरचे व्यायामही सोबत करा, कारण हात वर जात नसेल तर यंत्राखाली नीट झोपताच येत नाही. धाप लागत असेल, दमा असेल, तर ते आधीच सांगा. श्वास रोखणे जमले नाही तरी हृदय वाचवण्याच्या इतर पद्धती आहेत, आणि त्याचे नियोजन पहिल्या बैठकीच्या आधीच करावे लागते.